‘गांधी’ गांधारचे नव्हेत

‘गांधी म्हणजे मूळचे गांधारचे, कंदाहारकडून आलेले’ हा दावा अधूनमधून फिरत असतो. ऐकायला ऐटबाज, पण चुकीचा. गांधारवरून शब्द आला असता तर ‘र’ गेला कुठे? मूळ शब्द संस्कृत ‘गान्धिक’, म्हणजे गंधद्रव्यं विकणारा. तैलिकाचा तेली झाला, तसा गान्धिकाचा गांधी.

पुरावा लांब शोधायला नको. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे: धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या ‘गंधिका’ने दरवाजा दान दिला. लेण्याचा दरवाजा म्हणजे काही चिल्लर दान नव्हे. धंदा बरकतीचा असणार. पंचतंत्रातला व्यापारीही हेच सांगतो, की सोन्यापेक्षा गान्धिकाचा माल बरा, एकाला घ्यावा आणि शंभराला विकावा.

‘गांधी म्हणजे फक्त अत्तरवाला’ हेही अर्धवटच. चंदन, केशर, कापूर, मसाले, औषधी मुळ्या सगळं एकाच दुकानात मिळे. गुजरातीत सुंठ-हिरड्यासारख्या काष्ठौषधींना आजही ‘गांधियाणुं’ म्हणतात. महात्मा गांधींनी आत्मकथेत आपले पूर्वज बहुधा किराणा विकणारे होते, असंच लिहिलंय.