सामाजिक पत व्यवस्था (चीन)

माणसे आणि कंपन्या नियम व देणी पाळतात का, याच्या नोंदी ठेवून त्यांवर विश्वास ठरवण्याची चीनमधील पद्धत म्हणजे सामाजिक पत व्यवस्था. चिनी भाषेतील 'शिनयोंग' या शब्दाला मराठीत 'पत' हाच जवळचा शब्द. उधारी मिळण्याची ऐपत आणि माणसाच्या शब्दाची किंमत, दोन्ही त्यात आली. त्यातले 'शिन' हे अक्षर 'माणूस' आणि 'वाणी' या चिन्हांच्या जोडीने लिहितात.

चीनमध्ये १९७८ नंतर बाजार खुला झाला, माणसे गाव सोडून शहरांत आली आणि व्यवहार अनोळखी लोकांशी होऊ लागला. २००८ साली बाळांच्या दुधाच्या भुकटीत मेलामाइन हे कारखान्यांत वापरले जाणारे रसायन सापडले. पाणी घातलेले दूध प्रथिनांच्या चाचणीत उतरावे म्हणून ते मिसळत. ६ बाळे दगावली, सुमारे ३ लाख आजारी पडली. पुढे मुख्य भूमीवरचे आईबाप हाँगकाँगमधून इतके डबे नेऊ लागले, की २०१३ मध्ये तिथल्या सरकारने हद्दीबाहेर नेण्यासाठी माणशी १.८ किलोची, म्हणजे साधारण दोन डब्यांची, मर्यादा घातली. अविश्वास रस्त्यावरही होता. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला उचलले तर उद्या तोच आपल्यावर दावा लावेल, ही भीती नानजिंगमधील एका गाजलेल्या खटल्यानंतर (२००६-०७) घरोघरी बोलली जाई. मदत करताना चुकून इजा झाली तरी मदत करणाऱ्यावर दायित्व नाही, असे कलम २०१७ मध्ये कायद्यात आले.

या पार्श्वभूमीवर राज्य परिषदेने, म्हणजे चीनच्या मंत्रिमंडळाने, जून २०१४ मध्ये सामाजिक पत व्यवस्थेचा २०२० पर्यंतचा आराखडा जाहीर केला. प्रत्येक नागरिकाला सरकार एक गुण देते आणि त्यावर त्याचे आयुष्य ठरते, हे बाहेर पसरलेले चित्र खरे नाही. असा देशव्यापी आकडा अस्तित्वात नाही. आहेत त्या नियम मोडणाऱ्यांच्या निरनिराळ्या खात्यांनी केलेल्या याद्या, आणि त्यांचा मोठा रोख कंपन्यांवर आहे. २०१५ पासून प्रत्येक कंपनीला १८ अंकी-अक्षरी सामाजिक पत क्रमांक मिळतो.

सामान्य माणसाला खरी धग लागते ती न्यायालयांच्या यादीची. ऐपत असून न्यायालयाने ठरवलेली रक्कम न देणाऱ्याला लोक 'लाओलाय' म्हणतात, आपल्याकडचा 'बुडव्या'. त्याला विमानाचे किंवा जलदगती रेल्वेचे तिकीट मिळत नाही, मुलांना महागड्या खासगी शाळेत घालता येत नाही. काही न्यायालयांनी तर त्याला फोन करणाऱ्याच्या कानावर आधी त्याच्या थकबाकीची सूचना पडेल अशी सोय केली. हेबेई प्रांतात २०१९ मध्ये आसपासच्या ५०० मीटरांतले बुडवे दाखवणारी मोबाइल सेवा निघाली. वसुलीसाठी चारचौघांत अब्रू घालवण्यावरही इथे भिस्त दिसते.

गुणांचे प्रयोग झाले ते स्थानिक पातळीवर. शानदोंगमधील रोंगचेंग शहरात प्रत्येकाला १००० गुणांनी सुरुवात. वाहतुकीचा नियम मोडला की वजा, समाजसेवा केली की अधिक. जिआंगसूमधील सुइनिंगने २०१० मध्ये नागरिकांची अ ते ड प्रतवारी केली, तेव्हा सरकारी वृत्तपत्रांनीच तिची तुलना जपानी ताब्याच्या काळातील 'सज्जन नागरिक' दाखल्याशी केली. अलीबाबा समूहाशी संलग्न कंपनीचा 'झीमा' गुणांक (३५० ते ९५०) हा खासगी प्रकार. जास्त गुण असले की सायकल किंवा हॉटेलची अनामत माफ होते, एवढाच त्याचा सर्वसाधारण उपयोग. परदेशी लिखाणात मात्र तोच सरकारी गुण म्हणून खपवला गेला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य परिषदेने कायद्याचा आधार नसताना काळ्या यादीत टाकण्याला आळा घातला.