आयसीयूतून घरी आल्यावर बांगडा चालतो का?

भातलावणी सुरू झाली की कोकणात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, रुग्ण दिसू लागतात. उंदराच्या मुतातले जंतू शेतातल्या पाण्याबरोबर पायाच्या चिरांतून आत शिरतात. बहुतेकांचं तापावर भागतं, पण काहींचं मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं असं एकामागून एक बिघडत जातं. मग आयसीयू. सिंधुदुर्गातून तर पुष्कळांना थेट गोव्यात, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवतात. बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना मशीनचे आकडे कळत नाहीत; त्यांना एकच दिसतं, की माणूस उपाशी आहे. "घरून पेज आणलीय, देऊ का?"

या पेजेचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. वाटीभर पेजेत फार तर पंचवीस ग्रॅम तांदूळ असतो, म्हणजे प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम. अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी युरोपातल्या तज्ज्ञांची शिफारस आहे, प्रथिन हळूहळू वाढवत वजनाच्या किलोमागे रोज 1.3 ग्रॅमपर्यंत न्यावं. साठ किलोच्या माणसाला झाले 78 ग्रॅम. पेजेवरच भागवायचं तर चाळीस वाट्या लागतील. शहाळ्याच्या पाण्यात प्रथिनं नावालाच, पोटॅशियम मात्र भरपूर. मूत्रपिंड काम करत नसेल तर तेच पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवतं. म्हणून नाकातून पोटात नळी जाते आणि पेजेऐवजी मोजून-मापून तयार केलेलं पातळ अन्न सोडलं जातं.

इथवर सगळं सरळ आहे. पण 78 ग्रॅम पूर्ण पोचले तरी रुग्णाच्या मांड्या डोळ्यांदेखत बारीक होतात. लंडनमधल्या डॉक्टरांनी 2013 मध्ये 63 रुग्णांच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाउंडने वेळोवेळी मोजला. दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी 17 ते 18 टक्क्यांनी घटलं होतं, आणि जितके जास्त अवयव निकामी तितकी घट मोठी.

ही झीज उपासमारीची नाही, हे कळून नव्वदेक वर्षं झाली. 1930 च्या दशकात ग्लासगोत संशोधक डेव्हिड कथबर्टसन हाडं मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजत होते. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे लघवीतून किती गेला यावरून शरीराने किती प्रथिन मोडलं हे काढता येतं. मोडलेल्या पायाजवळ जेवढं मांस जायबंदी झालं होतं, त्याच्या कितीतरी पट नायट्रोजन बाहेर पडत होता. म्हणजे अख्ख्या अंगातला स्नायू मोडला जात होता. भरपूर खाऊ घातलं तरी ही तूट पुरती भरून निघेना.

असं होतं कारण ते शरीर मुद्दाम करतं. संकटात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं आणि दाहाचे (आतल्या सुजेचे) रेणू स्नायूला मोडायचा हुकूम देतात. सुटलेली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, यकृताकडे जातात. त्यातून दाहाशी लढणारी प्रथिनं बनतात, साखर बनते, पांढऱ्या पेशींना इंधन मिळतं. स्नायू ही आपली एकमेव मोठी राखीव गंगाजळी, दुसरीकडून काढणार कुठून? त्यात इन्शुलिनचा परिणाम बोथट होतो आणि माणूस हलत नाही. अशा स्नायूला बाहेरून आलेलं प्रथिन नीट वापरताच येत नाही. पाणी जोरात असताना फुटलेल्या बांधावर माती लोटत राहावं तसा प्रकार. न वापरलेल्या अमिनो आम्लांचा यकृत युरिया करतं, आणि तो बाहेर टाकायचं काम पुन्हा आधीच दमलेल्या मूत्रपिंडाच्या गळ्यात.

तरीही "जास्त द्या" हा विचार डॉक्टरांच्याही मनातून सहज गेला नाही. शेवटी मोठ्या चाचण्या झाल्या. 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 'एफर्ट प्रोटीन' चाचणीत 16 देशांतले तेराशेच्या आसपास रुग्ण होते. एका गटाला किलोमागे रोज किमान 2.2 ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य, दुसऱ्याला 1.2 किंवा कमी. जास्तवाले लवकर घरी गेले नाहीत. ज्यांचं मूत्रपिंड अचानक बिघडलं होतं त्यांना उलट जास्त प्रथिनांचा तोटा झाल्यासारखं दिसलं. लेप्टोच्या रुग्णांत हेच चित्र असतं, म्हणून कोकणात ही ओळ दोनदा वाचावी. पुढच्याच वर्षी नेदरलँड्स-बेल्जियममधल्या चाचणीत 2.0 ग्रॅमचा गट 1.3 च्या गटाशी ताडून पाहिला. जास्त प्रथिनं मिळालेल्यांचं नंतरच्या महिन्यांतल्या जगण्याचा दर्जा काहीसा खालावलेलाच निघाला. फ्रान्समधल्या तीन हजार रुग्णांच्या चाचणीत तर शॉकमध्ये (रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत) असलेल्यांना पहिल्या आठवड्यात प्रथिनं आणि उष्मांक दोन्ही मुद्दाम खूप कमी दिले. मृत्यू वाढले नाहीत.

याचा अर्थ "प्रथिन नकोच" असा कुणी काढू नये. किडनीच्या जुनाट दुखण्यात डाळ-मासे कमी करायला सांगतात, ते ऐकून काही नातेवाईक डायलिसिसवरच्या रुग्णाचंही प्रथिन तोडा म्हणतात. सलग चालणाऱ्या डायलिसिसमध्ये रोज दहा-पंधरा ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधूनच निघून जातात. तिथे कमी करणं चूक. मुद्दा पहिल्या आठवड्याच्या घाईचा आहे. त्या दिवसांत डॉक्टर नळीचा वेग हळूहळू वाढवत असतील तर ती हयगय नव्हे.

खरी हयगय पुढे होते, आणि ती आपल्या घरात होते. दाह ओसरला, नळी निघाली, माणूस बसता झाला की स्नायू पुन्हा प्रथिन घेऊ लागतो. नेमकं तेव्हाच खाणं कोसळतं. तोंडाला चव नसते, गिळताना ठसका लागतो, दोन घासांत दम लागतो. त्यावर आपलं पथ्य: मासा उष्ण, अंड्याने टाके चिघळतात, उसळ वातूळ. उरली ती पेज, मऊ भात, तूप-मीठ. महिनाभर. यातल्या टाके चिघळण्याच्या समजाला माझ्या माहितीत काडीचाही आधार नाही. जखम भरायला प्रथिनच लागतं.

लेप्टोच्या रुग्णाची आणखी एक पंचाईत कॅलेंडरची आहे. तो घरी येतो तो बहुधा श्रावणाच्या आसपास. गणपती होईपर्यंत बऱ्याच घरांत मासे-अंडी बंद. मग कुळीथ आहे की. शंभर ग्रॅम कुळथात बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. पिठी पातळ करायची पद्धत सोडून जरा घट्ट केली तर वाटीला सहा-सात ग्रॅम सहज. भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, कुळथात ते भरपूर, त्यामुळे पिठी-भात ही जोडी एकट्या भातापेक्षा कितीतरी सरस. काळ्या वाटाण्याची उसळ मऊ शिजवून, वाटून. दही, दूध, पनीर. श्रावण न पाळणाऱ्या घरी अंडं सहा ग्रॅम देतं, आणि बांगड्याचं शंभर ग्रॅम मांस वीसेक ग्रॅम. तेव्हा हो, बांगडा चालतो. गिळणं सुधारलं असेल तर काटे काढून, तिखट कमी करून. सुकट-सोड्यांत प्रथिन दाटीने असतं, पण मीठही तसंच; मूत्रपिंड अजून सावरत असेल तर ती पुढे ढकलावी.

नुसतं खाऊन मात्र स्नायू येत नाही. टोरांटोत फुप्फुसांच्या गंभीर आजारातून वाचलेल्यांचा पाठपुरावा केला होता. आयसीयूतून बाहेर पडताना त्यांचं वजन 18 टक्क्यांनी घटलेलं होतं, आणि वर्षानंतरही सहा मिनिटांत ते त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या दोन तृतीयांशच अंतर चालू शकत होते. आपल्याकडे घरापासून रस्त्यापर्यंत चढणीची पाणंद असते, विहीर खाली असते. खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओटीवरून खळ्यात उतरणं, असं रोज थोडं, आणि त्याच्या मागेपुढे प्रथिनाचा घास. एकदम ताटभर नको, दिवसातून पाच-सहा वेळा.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते, तिच्याखाली बहुतेक "हलका आहार" एवढंच लिहिलेलं असतं. तिथेच आहारतज्ज्ञांना विचारून वजनाप्रमाणे रोजचे ग्रॅम लिहून घ्यावेत, आणि मूत्रपिंडाचा पुढचा रिपोर्ट आला की तो आकडा बदलायचा का, हेही.