गाजलेल्या फौजदारी खटल्यात पीडिताचा स्वतंत्र वकील: नाशिकच्या कोर्टात अर्ज कसा करायचा?

खटला गाजू लागला की फिर्यादीच्या घरात पहिली शंका हीच येते, ‘सरकारी वकील आपली बाजू नीट मांडतील ना?’ पण सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नसतो. काहीही करून आरोपीला शिक्षा लावणे हे त्याचे काम नाही आणि आरोपीला रास्तपणे मिळणारा फायदा त्याने दडवायचाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार विरुद्ध हुकमचंद (१९९९) खटल्यात बजावले आहे. त्यामुळे ‘आमच्या मनासारखे बोलत नाहीत’ ही तक्रार कोर्टात टिकत नाही. टिकतो तो वेळेत दिलेला लेखी अर्ज.

अर्ज कोण करू शकतो? ज्याचे नुकसान झाले किंवा ज्याला इजा झाली तो, त्याचा पालक, आणि पीडित हयात नसेल तर कायदेशीर वारस. शेजारी, संघटना किंवा पत्रकार यांना हा हक्क नाही. सुनावणी मात्र खुल्या कोर्टात चालते, तिथे कोणीही बसू शकतो. बलात्काराचे आणि पॉक्सोचे खटले याला अपवाद आहेत. ते बंद दाराआड चालतात आणि पीडितेची ओळख छापणे हाच गुन्हा ठरतो.

कलम नीट टाका, इथेच निम्मे अर्ज अडकतात. १ जुलै २०२४ नंतरच्या खटल्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८(८) आणि ३३८ येते. त्या तारखेआधीच कोर्टात सुरू असलेला खटला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच चालतो. तिथे २४(८) आणि ३०१ लिहायचे. विनंतीही ‘सरकार पक्षाला सहाय्य करण्याची परवानगी’ एवढीच असावी. सत्र न्यायालयात ‘खटला चालवू द्या’ असे लिहिले की अर्ज फेटाळलाच जातो, कारण तिथे खटला सरकारी वकीलच चालवतात. रेखा मुरारका निकालानेही (२०१९) पीडिताच्या वकिलाला साक्षीदार तपासण्याचा किंवा उलटतपास घेण्याचा अधिकार दिलेला नाही. तो प्रश्न सुचवतो, कागद पुरवतो आणि पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी युक्तिवाद देतो. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या खटल्यात मात्र कलम ३३९ खाली खटला चालवण्याची परवानगी मागता येते.

सोबत वकीलपत्र, एफआयआरची प्रत, आधार, नाते दाखवणारा कागद (मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा), शपथपत्र आणि कोर्ट फी स्टॅम्प जोडा. मूळ प्रत कोर्टाची, एक सरकारी वकिलांची, एकेक आरोपीच्या वकिलांची, आणि पोच घेतलेली एक स्वतःकडे. खटला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात आहे की मालेगाव, निफाडला, हे सीएनआर क्रमांकावरून (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ई-कोर्ट क्रमांक) आधी तपासा.

अर्ज दिला की त्यावर सरकारी वकिलांचा ‘से’ मागवला जातो. अर्जाच्या समासात ‘हरकत नाही’ किंवा ‘तीव्र हरकत’ अशी एक ओळ आणि खाली सही, एवढाच तो ‘से’ असतो. पुष्कळ अर्ज या एका ओळीसाठी दोन-तीन तारखा पडून राहतात. म्हणून आदल्या दिवशीच प्रत नेऊन द्या. वकील नेमलेला असेल तर दोषारोपपत्राची प्रत पीडितालाही मिळते. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत ती द्यावी, असे कलम २३० सांगते. याच टप्प्यावर आरोपीनेही एक गोष्ट मागावी: तपासात जमा केलेल्या, पण सरकार पक्ष वापरणार नसलेल्या जबाबांची आणि कागदांची यादी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ पासून ती बंधनकारक केली आहे, तरी मागितल्याशिवाय ती मिळेल या भरवशावर राहू नये.

खटलाच मागे घेण्याचा अर्ज आला तर? कलम ३६० नुसार पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. आरोपी आमदार-खासदार असेल तर उच्च न्यायालयाची पूर्वपरवानगीही लागते. हा अर्ज एखाद्या साध्या तारखेलाच दाखल होतो, म्हणून रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झाले याची नोंद) प्रत्येक तारखेनंतर वाचा.

पीडिताने स्वतः कोर्टात उभे राहणे का महत्त्वाचे, हे मालेगावच्या २००८ च्या बॉम्बस्फोट खटल्यातून शिकण्यासारखे आहे. आरोपींबाबत नरमाईने घ्या, असा निरोप एनआयएकडून (राष्ट्रीय तपास संस्था) आल्याचा जाहीर आरोप तेव्हाच्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये केला. एनआयएने तो नाकारला. पुढे एका आरोपीच्या जामिनाला एनआयएने हरकत घेतली नाही, तेव्हा कोर्टात विरोध केला तो एका मृताच्या वडिलांनी. ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. अशा निकालाविरुद्ध पीडिताला स्वतः अपील करता येते (जुने कलम ३७२, नवे ४१३).

विशेष सरकारी वकील हवा असेल तर अर्ज कोर्टात नव्हे, विधी व न्याय विभाग, मंत्रालय इथे द्यायचा. वकिलाचा अनुभव किमान १० वर्षे हवा आणि अर्जात कारण ठोस हवे: किती साक्षीदार फितूर झाले, कोणत्या तारखांना तपासी अंमलदार आले नाहीत. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे नामवंत ज्येष्ठ वकिलाची मागणी करता येते. १९९५ च्या नियमांतील नियम ४(५) चा उल्लेख अर्जात करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही.