कोस्टा रिकात राहायला जाण्यासाठी: तात्पुरत्या निवास परवान्याचा अर्ज आणि भारतातून न्यायची कागदपत्रं

कोस्टा रिकाचा निवास परवाना अडतो तो बहुतेकदा पैशांवर नाही, कागदांवर. पेन्शन पुरेशी असते, बँकेत रक्कम तयार असते, आणि अर्ज थांबतो तो जन्मदाखल्यावर आईचं नाव नाही म्हणून किंवा पोलीस दाखल्याची मुदत उलटली म्हणून. हे दोष कोस्टा रिकाच्या राजधानीत, सान होजेत बसून दुरुस्त होत नाहीत. त्यासाठी गावाकडे कुणाला तरी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत खेटे घालावे लागतात. म्हणून इथे प्रत्यक्ष अर्जापेक्षा त्याआधीच्या तयारीवर जास्त लिहिलं आहे.

कोणत्या गटात अर्ज करायचा

निवृत्तांसाठी ‘पेन्सियोनादो’ गट आहे. महिना किमान १,००० अमेरिकी डॉलर पेन्शन हवी आणि ती हयातभर मिळणारी हवी. एकाच पेन्शनवर पती-पत्नी दोघांचा अर्ज होतो. ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून नोकरदारांना मिळणारी पेन्शन इथे पुरत नाही: वाढीव पेन्शनचा पर्याय घेतलेला नसेल तर १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे ३५ वर्षांच्या सेवेनंतरही ती महिना ७,५०० रुपयांच्या घरातच राहते. केंद्र-राज्य सरकारची किंवा बँकेची चांगली पेन्शन, किंवा विमा कंपनीची आजीवन ॲन्युइटी (एकरकमी पैसे भरून मिळणारं नियमित उत्पन्न) असेल तर गणित जमतं. पेन्शनच्या पत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: दरमहाची रक्कम, आणि ती हयातभर मिळणार असल्याचा उल्लेख. आपल्याकडची नेहमीची पेन्शन स्लिप हे दुसरं सांगत नाही. त्यामुळे पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडून वेगळं पत्र मागून घ्यावं. पेन्शन रुपयात आणि अट डॉलरमध्ये, तेव्हा रक्कम काठावर असेल तर धोका पत्करू नका.

पेन्शन नसलेल्यांसाठी ‘रेन्टिस्ता’. महिना २,५०० डॉलर उत्पन्न दोन वर्षं मिळत राहील याची बँकेची हमी, किंवा कोस्टा रिकातल्या बँकेत ६०,००० डॉलरची ठेव. अशा शब्दांतलं हमीपत्र भारतातल्या बँका सहसा देत नाहीत, त्यामुळे ठेवीचा मार्गच जास्त व्यवहार्य. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, म्हणजे ठेव त्या मर्यादेत बसते. मात्र शिक्षण-उपचारांव्यतिरिक्त कारणांसाठी वर्षाला १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा होणारा आगाऊ कर) कापते. विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, पण तोवर ती रोकड अडकते. ठेवीच्या नियोजनात हे आधीच धरा.

गुंतवणूकदारांचा गट ‘इन्व्हर्सियोनिस्ता’. २०२१ च्या कायदा क्रमांक ९९९६ ने त्याची मर्यादा दोन लाखांवरून दीड लाख डॉलरवर आणली. त्या कायद्यातल्या सवलती मुदतबंद आहेत, म्हणून घर किंवा जमीन घेण्याआधी त्या वेळी लागू असलेला आकडा वकिलाकडून लेखी घ्यावा.

या तिन्ही गटांत तिथे नोकरी करता येत नाही. स्वतःचा व्यवसाय काढून त्याचं उत्पन्न घेता येतं. परदेशातल्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी डिजिटल नोमॅडची वेगळी सोय आहे: महिना ३,००० डॉलर उत्पन्न, कुटुंबासह ४,०००, आणि किमान ५०,००० डॉलरचा आरोग्य विमा. ती एका वर्षाची असते, पुढे एक वर्ष वाढते. पण तो निवास परवाना नव्हे, आणि तो काळ कायम निवासासाठी मोजला जात नाही. तिथेच स्थायिक व्हायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवून निवड करा.

कागद कोणत्या क्रमाने काढायचे

मुख्य कागद चार: जन्मदाखला, विवाह नोंदणी दाखला (जोडीदार सोबत असेल तर), पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा पोलीस दाखला), आणि उत्पन्नाचा पुरावा. चारही अपोस्टील केलेले, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का असलेले हवेत. भारत २००५ पासून आणि कोस्टा रिका २०११ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे दिल्लीतल्या वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज उरत नाही. परदेशी कागद निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत सादर करायचे असतात. हा सहा महिन्यांचा काटाच सगळा क्रम ठरवतो.

सुरुवात जन्मदाखल्यापासून, कारण सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो. त्यावर स्वतःचं, आईचं आणि वडिलांचं नाव हवं. जुन्या नोंदींत बाळाच्या नावाची जागा कोरी असते किंवा आईचं नाव नुसतं ‘सौ.’ लावून लिहिलेलं असतं. ते निबंधकाकडे दुरुस्त करून इंग्रजी मजकूर असलेली ताजी प्रत घ्यावी. जन्माची नोंदच झालेली नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र घेऊन विलंबित नोंदणी करावी लागते. एक वर्षानंतरच्या नोंदीला, २०२३ च्या कायदा-दुरुस्तीपासून, जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. यात महिने जातात. तोवर दुसऱ्या कुठल्याही कागदाला हात लावू नका, नाहीतर इकडे आदेशाची वाट पाहता पाहता तिकडे पोलीस दाखला शिळा होतो.

आपल्याकडच्या विवाहित स्त्रियांच्या अर्जात नावाचा प्रश्न हमखास येतो. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं. आडनाव बदलल्याचं विवाह दाखल्यावरून सिद्ध होतं, पण पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी दाखवावी लागते आणि तिची प्रतही अपोस्टील करून सोबत न्यावी. मधलं नावही तपासा. तिथे प्रत्येकाला वडिलांचं आणि आईचं अशी दोन आडनावं असतात, त्यामुळे ‘अशोक’ हे वडिलांचं नाव त्यांना पहिलं आडनाव वाटू शकतं. अर्ज आणि मुखत्यारपत्र लिहिताना, राष्ट्रीयत्वामुळे एकच आडनाव असल्याचं वाक्य वकिलाला स्पॅनिशमध्ये घालायला सांगावं. तिथल्या कायदेशीर कागदांत ते रुळलेलं आहे.

जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांवर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण लागतं (वैयक्तिक कागदांसाठी गृह किंवा सामान्य प्रशासन विभाग). मगच परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीकडे कागद द्यायचे असतात.

पोलीस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी. पासपोर्ट सेवा पोर्टलवर ५०० रुपये शुल्क भरून अर्ज करताना देश म्हणून कोस्टा रिकाच निवडा, कारण हा दाखला देशाच्या नावानिशी निघतो. गेली तीन वर्षं भारताबाहेर राहिला असाल तर त्या देशाचा दाखला लागतो. अमेरिकेतून जाणाऱ्यांना एफबीआयचा, आणि त्यावर वॉशिंग्टनमधल्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टील. राज्याच्या पोलिसांचा चालत नाही. दुबईकरांनी लक्षात घ्यावं की अमिराती अपोस्टील करारात नाहीत, त्यामुळे तिथल्या कागदांना तिथलं परराष्ट्र खातं आणि मग कोस्टा रिकाची वकिलात असा लांबचा रस्ता आहे.

स्पॅनिश भाषांतर भारतात करून नेऊ नका. कोस्टा रिकाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीतल्या अधिकृत अनुवादकाकडून ते तिथेच करून घ्यावं, आणि अपोस्टीलच्या पानाचंही करावं. हे पान बरेच जण विसरतात. मराठीतून थेट स्पॅनिश करून मिळण्याच्या भरवशावर राहू नये. इंग्रजी प्रतीचा आग्रह धरायचा तो यासाठीच.

प्रवेश आणि अर्ज

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. तो दिल्लीतल्या वकिलातीतून मिळतो. अमेरिकेचा वैध बहुप्रवेश बी-१/बी-२ (व्यवसाय-पर्यटनाचा) व्हिसा असेल तर वेगळा घ्यावा लागत नाही. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी आणि देशाबाहेर जाणारं तिकीट हवं. हे तिकीट विमान कंपनी चेक-इनलाच मागते. अमेरिकेच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहा.

पर्यटक म्हणून मिळणारा मुक्काम भारतीयांना सहसा ३० दिवसांचा असतो, त्यामुळे उतरल्यापासून काम सुरू करावं लागतं. अनुवाद लगेच टाका. बारा वर्षांवरील प्रत्येकाचे बोटांचे ठसे सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे द्यावे लागतात. अर्ज सान होजेच्या ला उरुका भागातल्या स्थलांतर संचालनालयात जातो. सोबत सहीचं अर्जपत्र, माहितीचा फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती, आणि शुल्काच्या पावत्या: अर्जाचे ५० डॉलर, आणि देशात असताना पर्यटकाचा दर्जा बदलण्याचे २०० डॉलर. मिळालेला फाइल क्रमांक जपून ठेवा. निर्णय येईपर्यंत तुमच्या वास्तव्याचा आधार तोच.

त्रुटी असेल तर ‘प्रेव्हेन्सियोन’ म्हणजे पूर्ततेची नोटीस निघते. उत्तराला कामकाजाचे दहाच दिवस मिळतात, आणि ती अर्जात दिलेल्या पत्त्यावर येते. वकील नेमताना म्हणूनच पहिला प्रश्न विचारायचा: नोटिसा कोण बघणार आणि तुम्हाला कधी कळवणार? दहा दिवसांत भारतातून नवा अपोस्टील कागद आणणं जवळपास अशक्य आहे. प्रत्येक दाखल्याची दुसरी अपोस्टील प्रत सोबत ठेवली तर निदान हरवलेल्या किंवा खराब झालेल्या प्रतीमुळे फाइल बंद होणार नाही.

मंजुरीनंतर

मंजुरीचं पत्र आलं की ‘काहा’ म्हणजे सामाजिक सुरक्षा संस्थेत नाव नोंदवायचं, अनामत रक्कम बँकेत भरायची आणि ‘दिमेक्स’ ओळखपत्रासाठी वेळ घ्यायची. काहाची वर्गणी जाहीर केलेल्या उत्पन्नावर ठरते आणि ती दरमहा भरावीच लागते, खासगी विमा असला तरी. परवाना दोन वर्षांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी वर्गणी थकलेली असेल तर तिथेच अडतं. ठरलेली रक्कम दरमहा देशात आणून कोलोन या तिथल्या चलनात बदलल्याच्या बँकेच्या पावत्याही दाखवाव्या लागतात, म्हणून रोख डॉलर बाहेर बदलू नका, बँकेतूनच बदला. तीन वर्षांनी कायम निवासासाठी अर्ज करता येतो, आणि तो मिळाल्यावर नोकरीवरचं बंधन उठतं.

भारतीय वाहन परवाना पर्यटक मुक्कामापुरताच चालतो. दिमेक्स हाती आलं की तो तिथल्या परवान्यात बदलून घेता येतो. मधल्या महिन्यांत गाडी चालवता येणार नाही असं धरूनच घर बस थांब्याजवळ बघावं. पासपोर्टचं नूतनीकरण किंवा इतर भारतीय कामं पनामा सिटीतल्या भारतीय दूतावासामार्फत होतात, कारण कोस्टा रिका त्याच्याच कक्षेत येतं. पासपोर्टची मुदत दोन वर्षांच्या आत संपत असेल तर तो भारतातच नवा करून निघा.