फ्रँकोनंतरच्या स्पेनमधील माफीचा कायदा : पार्श्वभूमी

स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतला छळ किंवा हत्या याबद्दलची तक्रार कोर्टात गेली की ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते, ते म्हणजे १९७७ चा माफीचा कायदा.

यादवी युद्ध जिंकून फ्रँको सत्तेवर आला. १९३९ ते १९७५ या त्याच्या काळात सरकारांचा तोंडवळा अनेकदा बदलला. आधी लष्करी अधिकारी आणि फॅसिस्ट पक्षाचे लोक, जर्मनी-इटलीच्या पराभवानंतर कॅथलिक मंडळी, १९५७ च्या फेरबदलानंतर अर्थकारणातले तज्ज्ञ. १९५९ च्या स्थिरीकरण योजनेनंतर परकीय भांडवल आणि पर्यटक आले, आणि आजही त्या राजवटीचे समर्थक याच काळाकडे बोट दाखवतात. पण याच तज्ज्ञांच्या काळात, १९६३ मध्ये, राजकीय गुन्ह्यांसाठी खास न्यायालय स्थापन झाले. हुकूमशहाच्या मृत्यूच्या दोन महिने आधी, २७ सप्टेंबर १९७५ रोजी, पाच जणांना गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. शेवटपर्यंत राजवटीचा हात सैल झाला नव्हता.

माफीची मागणी विरोधकांची होती, हे आज अनेकदा विसरले जाते. १९७६ मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर लोक स्वातंत्र्य, माफी आणि स्वायत्तता या घोषणा देत होते. तुरुंगातले कामगार नेते आणि कार्यकर्ते सुटावेत, एवढाच तिचा अर्थ होता. जून १९७७ च्या निवडणुकीनंतर संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने कायदा मंजूर केला तेव्हा बाजूने २९६ आणि विरोधात फक्त दोन मते पडली. कम्युनिस्टांनीही पाठिंबा दिला. तटस्थ राहिला तो जुन्या राजवटीच्या माजी मंत्र्यांनी काढलेला पक्ष.

खरी गोम दुसऱ्या कलमात आहे. त्यातल्या शेवटच्या दोन पोटकलमांनी कैद्यांच्या जोडीला अधिकारी आणि पोलिसांनाही माफी दिली. राजकीय गुन्ह्यांचा तपास आणि पाठलाग करताना त्यांनी केलेले गुन्हे माफ, आणि नागरिकांच्या हक्कांविरुद्ध केलेले गुन्हेही माफ. ज्याने मारहाण सोसली आणि ज्याने केली, ते दोघे एकाच यादीत बसले. उलट, लोकशाहीसाठी गुप्त संघटना बांधणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा माफ झाली, पण सैन्यात परत घेतले गेले नाही. त्यासाठी त्यांना १९८६ पर्यंत थांबावे लागले. लष्कराचा दबाव किती होता, ते यातून कळते.

लष्कर बंड करेल ही भीती खोटी नव्हती. फेब्रुवारी १९८१ मध्ये सशस्त्र शिपाई संसदेत घुसले होते. तरीही त्या वेळच्या भीतीने लिहिलेला मजकूर पुढच्या पिढ्यांना कायमचा बांधील का असावा, याचे पटणारे उत्तर कायद्याच्या समर्थकांनी दिलेले नाही.

२००० मध्ये प्रियारांझा देल बिएर्झो या गावाजवळच्या खड्ड्यातून यादवी युद्धात मारल्या गेलेल्या १३ जणांचे अवशेष निघाले. शोध एका नातवाने सुरू केला होता, सरकारने नव्हे. त्यानंतर देशभर कुटुंबे पुढे आली. २००८ मध्ये एका न्यायाधीशाने या गुन्ह्यांची चौकशी हाती घेतली, तर खटला त्याच्यावरच भरला गेला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, पण त्याने कायद्याचा लावलेला अर्थ चुकीचा ठरवला. आपल्या देशात दार बंद झालेली कुटुंबे २०१० पासून अर्जेंटिनाच्या कोर्टात लढत आहेत.

२०१९ मध्ये फ्रँकोचे शव माद्रिदजवळच्या भव्य स्मारकातून हलवले गेले. तिथे ३३ हजारांहून अधिक मृतांचे अवशेष आहेत आणि त्यातले अनेक यादवी युद्धातल्या पराभूत बाजूचे, नातेवाइकांना न विचारता आणलेले. २०२२ च्या कायद्याने मृतांचा शोध ही सरकारची जबाबदारी ठरवली आणि माफीचा कायदा आंतरराष्ट्रीय कायद्याशी सुसंगत रीतीने वाचावा, असे सांगितले. १९७७ चा मजकूर मात्र रद्द केलेला नाही.