वस्तीतल्या ज्येष्ठांच्या गरजांची पाहणी

एखाद्या वस्तीत राहणाऱ्या वयस्कर माणसांचं रोजच्या जगण्यात कुठे अडतंय, त्यातलं कशाला मदत मिळते आणि कशाला मिळत नाही, हे पद्धतशीर विचारून आणि बघून शोधायचं काम म्हणजे ही पाहणी. वयस्कर म्हणजे कुठे ६० च्या पुढचे, कुठे ६५ च्या. पण नुसत्या आकड्यावरून फारसं कळत नाही, ६२ चा माणूस अंथरुणाला खिळलेला असतो आणि ८५ ची आजी दोन जिने चढून गच्चीवर कपडे वाळत घालते.

मुळात गरज कशाला म्हणायचं यावरच घोळ असतो. समाजधोरणाचे ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ मध्ये तिचे चार प्रकार सांगितले: तज्ज्ञ ठरवतात ती, माणसाला स्वतःला वाटते ती, तो तोंडाने मागतो ती, आणि दुसऱ्यांशी तुलना केल्यावर दिसते ती. ज्येष्ठांच्या बाबतीत सगळी गोची दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे आहे. वाटतं खूप पण मागत कोणी नाही. "तुम्हाला काही हवंय का?" असं विचारलं की दहातले आठ जण "छे, मला काय लागतंय आता" म्हणून मोकळे होतात, आणि शेजारी मुलगा किंवा सून बसलेली असेल तर उत्तर तेच लोक देऊन टाकतात. त्यामुळे अनुभवी माणूस गरज विचारतच नाही, कालचा दिवस विचारतो. काल दुपारी काय जेवलात, ते कोणी केलं, घराबाहेर शेवटचं कधी पडलात आणि कुठपर्यंत गेलात, रात्री बाथरूमला उठलात तेव्हा कशाला धरून गेलात. "कपाटाला" असं उत्तर आलं की भिंतीला दांडी हवीये हे कळलं, वेगळं विचारायला नको.

मोजायची साधनं जुनीच आहेत. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांची १९६३ ची यादी सहा कामांची: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, आणि हाताने जेवणं. साधारण याच क्रमाने ही कामं सुटत जातात, आंघोळ आधी, जेवण शेवटी. म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचा हिशोब अशी आठ कामं घेतली. गंमत म्हणजे त्यात पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं याचे मार्क धरायचेच नाहीत असं होतं, म्हणजे बायको गेल्यावर ज्याला चहासुद्धा करता येत नाही तो कागदावर एकदम ठणठणीत!

पण हे सगळं माणसाचं झालं, वस्तीचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून एक मार्गदर्शिका काढली, त्यात मोकळ्या जागा आणि इमारती, वाहतूक, घरं, लोकांत मिसळणं, मान मिळणं, कामधंदा, माहिती आणि आरोग्यसेवा असे आठ विषय आहेत. यातलं बरंचसं बसून विचारण्यापेक्षा त्यांच्याबरोबर चालून लवकर कळतं. सिग्नलचं उदाहरण घ्या. बऱ्याच ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून वेळ ठरवलेली असते, म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजोबांना तोच रस्ता १५ सेकंदांचा, म्हणजे सिग्नल बदलतो तेव्हा चार मीटर बाकी असतात आणि गाड्या हॉर्न मारायला लागतात. असं दोनदा झालं की ते तिकडे जायचंच बंद करतात, आणि सर्व्हेच्या कागदावर "बाहेर जायची आवड नाही" असं लिहिलं जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सभा बोलवायची आणि आले त्यांनाच मोजायचं. सभेला चालता येणारे, ऐकू येणारे आणि बोलायची सवय असलेले येतात, ऑनलाइन फॉर्मचंही तेच. जे खरंच अडकलेत त्यांना शोधायला औषधाचं दुकान, पोस्टमन, घरी जाणारी नर्स असे लोक कामाला येतात, फक्त ज्याचं नाव पुढे द्यायचं त्याला आधी विचारायला हवं. स्मृतिभ्रंश असेल तर सांभाळणाऱ्याशी बोलावं लागतं, पण त्याची उत्तरं वेगळ्या रकान्यात लिहायची, कारण तो बऱ्याचदा स्वतःचा थकवा सांगत असतो, आणि तीसुद्धा एक गरजच आहे.

ही माहिती शिळी फार लवकर होते. एक जण पडतो, एकाचा जोडीदार जातो, कोणाचा ड्रायव्हिंग परवाना संपतो, की त्या घराचा अख्खा फॉर्म पुन्हा भरायला लागतो.