कोर्टाच्या फाटकावरचा पोलीस नेमका कोणाचा?

न्यायालयांच्या सुरक्षेचा विषय निघाला की ‘कोर्ट ड्युटी’ हा शब्द हमखास घोळ घालतो. पोलीस हजेरीत या एका शब्दात तीन निरनिराळी कामं बसतात. कच्च्या कैद्यांची ने-आण करणारी कैदी पार्टी, समन्स आणि साक्षीदारांच्या मागे असलेले पैरवीचे कर्मचारी आणि फाटकावरचा बंदोबस्त. कागदावर माणसं भरपूर. दुपारी बाराला फाटकावर दोघंच, कारण बाकीचे कैद्यांचे हात धरून वरच्या मजल्यावर पुकाऱ्याची वाट बघत उभे असतात. मोर्चा किंवा सभा निघाली तर तेही दोघं जातात.

न्यायालयाची स्वतःची माणसं म्हणजे नाझर, बेलीफ, पट्टेवाले. त्यांचं काम समन्स, जप्ती, पुकारा. झडती घेणं नव्हे. घटनेनंही हा पेच सोडवला नाही. पोलीस राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांत, तर दुय्यम न्यायालयांवरचं नियंत्रण अनुच्छेद 235 नुसार उच्च न्यायालयाकडे. म्हणजे इमारत न्यायाधीशांच्या हुकमतीत, पण बंदोबस्त हवा तर पोलीस अधीक्षकांना पत्र लिहायचं.

13 ऑगस्ट 2004 ला नागपुरात जमावानं एका आरोपीला न्यायदालनातच ठार मारलं. चर्चा झाली ती त्या आरोपीमुळे वस्तीनं सोसलेल्या दहशतीची, आणि ती व्हायलाच हवी होती. जमाव दालनात शिरला कसा, हा प्रश्न मागे पडला. नोव्हेंबर 2007 मध्ये लखनौ, फैजाबाद, वाराणसीच्या न्यायालय आवारांत एकाच दिवशी स्फोट झाले. सप्टेंबर 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाबाहेर बॉम्ब फुटला तो पास काढायच्या रांगेजवळ. सुरक्षेसाठी लावलेली रांगच हल्लेखोरांना आयती सापडली.

तरी खरी ठिणगी काळ्या कोटाची. फाटकातली धातुशोधक चौकट टिटिट करते, पक्षकाराची पिशवी उघडली जाते आणि वकील हात हलवून आत जातात. झडती म्हणजे अपमान, असं अनेक वकिलांना वाटतं. त्यात नोव्हेंबर 2019 मध्ये दिल्लीच्या तीस हजारी आवारात पार्किंगवरून वकील-पोलीस भिडले, गोळीबार झाला आणि पोलीसच आपल्या मुख्यालयासमोर निदर्शनाला बसले. अशा वातावरणात कोटाला हात कोण लावणार? सप्टेंबर 2021 मध्ये रोहिणी न्यायालयात दोघं वकिलाच्या वेशात आत आले आणि त्यांनी दालनात एका कैद्याला गोळ्या घातल्या. अपमानाचा मुद्दा तिथेच संपायला हवा होता.

सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2023 मध्ये प्रत्येक न्यायालय संकुलासाठी कायमस्वरूपी सुरक्षा पथकाचा प्रस्ताव असलेली योजना आखायला सांगितलं. मनुष्यबळ कुठून घ्यायचं, किमान किती काळ ठेवायचं हे त्यात ठरवायचं. शिवाय या नेमणुकीला लोक राजी व्हावेत म्हणून जादा आर्थिक लाभ काय द्यायचे, तेही. या नेमणुकीला खात्यात काय मान आहे, ते या शेवटच्या कलमातच दिसतं.

पैशाचं गणित मात्र जुनंच. न्यायालयीन इमारतींसाठी 1993-94 पासून केंद्र पुरस्कृत योजना आहे. बहुतेक राज्यांत केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. त्यातून दालनं आणि निवासस्थानं होतात. फाटकावर उभ्या राहणाऱ्याचा पगार त्यात बसत नाही. तो दरमहा राज्याच्याच तिजोरीतून निघतो.